निसर्गाची मोजदाद कोणाच्या मालकीची?



आजच्या व्याख्यानाचा विषय कानाला काहीसा रूक्ष वाटेल, ह्याची मला कल्पना आहे. वसंतातल्या संध्याकाळी, दिवसभराचा उकाडा ओसरल्यावर, मंडळींनी काही रसाळ ऐकण्याच्या आशेने यावे आणि वक्त्याने मासे, बेडूक आणि सरकारी अहवाल ह्यांच्या गोष्टी सांगाव्यात, हे थोडे चमत्कारिकच आहे. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे ती प्रथा गावोगाव रुजली, ती काही निव्वळ करमणुकीवर नव्हे. जे सार्वजनिक प्रश्न कचेरीच्या दप्तरात अडकून पडतात, ते चारचौघांत मांडण्याची जागा म्हणूनही ती टिकली. आजचा प्रश्न अशाच दप्तरबंद प्रश्नांपैकी एक आहे.

प्रश्न एवढाच. धरण, खाण, विमानतळ किंवा मोठा कारखाना उभारण्यापूर्वी त्या जागेवरील झाडाझुडपांची आणि पशुपक्ष्यांची जी मोजदाद कायद्याने करावी लागते, ती पुढे कोणाच्या मालकीची? ज्याने तिचे पैसे मोजले त्याची, ज्याने ती केली त्याची, की आपणा सर्वांची? माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. ती सर्वांची आहे, आणि म्हणून ती मूळ स्वरूपात, कोणालाही तपासता येईल अशा ठिकाणी ठेवली गेली पाहिजे. हे उत्तर मला का पटते, ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम ही मोजदाद होते कशी, ते पाहू. अमेरिकेने १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा केला आणि मोठे काम हाती घेण्यापूर्वी त्याचे परिणाम लिहून काढण्याची प्रथा सुरू झाली. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९४ साली तशी अधिसूचना निघाली. तिच्या जागी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आली आणि अनेक दुरुस्त्यांसह तीच आज चालू आहे. तिच्या अन्वये प्रकल्पाचा मालक एक सल्लागार संस्था नेमतो. त्या संस्थेची माणसे सामान्यतः प्रकल्पाच्या भोवतालचा दहा किलोमीटरचा परिसर हिंडतात. हवा, पाणी, माती तपासतात. झाडे, पक्षी, मासे, सरपटणारे प्राणी ह्यांच्या याद्या करतात. ह्या सर्वांतून जो ग्रंथ सिद्ध होतो, त्याला पर्यावरण आघात मूल्यांकनाचा अहवाल म्हणतात. मग तीस दिवसांची नोटीस देऊन जाहीर सुनावणी होते, अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो, तज्ज्ञांची समिती त्यावर विचार करते आणि मंजुरी मिळते किंवा नाकारली जाते.

कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. आता त्या मोजदादीचे पुढे काय होते, ते पाहा. एखादा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ किंवा पक्षीनिरीक्षक महिनामहिना उन्हातान्हात फिरतो. त्याच्या वहीत लिहिलेले असते: अमुक तारखेस, अमुक ओढ्याच्या काठी, अमुक अक्षांश-रेखांशावर, ह्या जातीचे इतके पक्षी दिसले, निरीक्षण सकाळी दोन तास केले. ही झाली नोंद. कचेरीत आल्यावर ह्या शेकडो नोंदी गाळून त्यांचा एक तक्ता होतो: 'परिसरात आढळलेले पक्षी.' तारीख गेली, ओढा गेला, संख्या गेली, पाहणारा गेला. उरली ती नावांची माळ. ती माळ सहाशे पानी अहवालाच्या एखाद्या परिशिष्टात गोवली जाते. २०१८ पासून 'परिवेश' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर असे अहवाल पाहता येतात, ही चांगली सुधारणा आहे. परंतु तेथे मिळते ती माळ. मूळ वही सल्लागाराच्या कपाटात किंवा संगणकात राहते, आणि काम संपले की तिची वास्तपुस्त कोणी करीत नाही.

यादी आणि नोंद ह्यांतील भेद आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. 'गावात शेते आहेत आणि शेतकरी आहेत,' असे लिहिलेला कागद घेऊन तलाठ्याकडे गेलात, तर तो हसेल. तो गट नंबर विचारील, क्षेत्र विचारील, खातेदाराचे नाव विचारील. सातबाऱ्याला किंमत आहे ती ह्या तपशिलामुळे, आणि कोणालाही उतारा मिळू शकतो ह्यामुळे. जमिनीच्या बाबतीत जे शहाणपण आपण पिढ्यानपिढ्या वापरतो, ते त्या जमिनीवरच्या जिवांच्या बाबतीत मात्र वापरीत नाही.

ह्या नोंदी उघड्या असण्याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, ही मोजदाद पुष्कळदा त्या जागेची शेवटची साक्ष असते. धरणाचे पाणी चढले, खाणीने डोंगर खाल्ला, धावपट्टीखाली पठार गेले, की तेथे पुन्हा मोजायला काही शिल्लक नसते. कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले, तेव्हा अशी मोजदाद करावी असा दंडकच देशात नव्हता. शिवसागराच्या पाण्याखाली काय काय गेले, ह्याचा पुरा हिशेब आज कोणालाही मांडता येणार नाही. त्या काळाला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु आज दंडक आहे, माणसे जातात, मोजतात, पैसा खर्च होतो. आणि एवढे करून आपण ती साक्ष हरवतो, ह्याला काय म्हणावे?

छापलेली नोंद काय करू शकते, ह्याचे उदाहरण पुण्याचेच आहे. १९४२ साली फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे साठेक वर्षांनी पुण्याच्याच प्राणिशास्त्रज्ञांनी मुळा-मुठेतील मासे पुन्हा तपासले आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहिले. पूर्वीच्या कित्येक जाती आता सापडत नाहीत आणि बाहेरून आणून सोडलेले मासे नदीत वाढले आहेत, हे त्यांना पुराव्यानिशी सांगता आले. नदी बिघडली हे नाकाला कळतेच. पण काय गेले आणि केव्हाच्या मानाने गेले, हे सांगायला ती जुनी यादी लागली. फ्रेझरने ती आपल्या पेटीत ठेवली असती, तर आज आपल्याजवळ फक्त हळहळ उरली असती.

दुसरे कारण खऱ्याखोट्याच्या परीक्षेचे आहे. मूल्यांकनाचा अहवाल हे एक भाकीत असते. 'एवढी जंगलतोड होईल, परंतु पक्ष्यांवर परिणाम नगण्य राहील,' असे त्यात लिहिलेले असते. हे भाकीत दहा वर्षांनी खरे ठरले की खोटे, हे पाहायचे तर आरंभीची संख्या आणि ती मोजण्याची रीत हाताशी हवी. ती नसेल, तर भाकीत करणारा कधीच चुकत नाही, आणि त्यामुळे कधी शिकतही नाही.

अहवाल कसे असतात, ह्याचे काही मासले सांगतो. पुण्याची 'कल्पवृक्ष' ही संस्था आणि तिच्या सहकारी संस्था ह्यांनी २०१० साली ईशान्य भारतातील धरणांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. अरुणाचल प्रदेशातील सियोम प्रकल्पाच्या अहवालात पक्ष्यांच्या अवघ्या पाच जाती दिल्या होत्या, असे तीत दाखवून दिले आहे; त्या प्रदेशात तीनशेहून अधिक जाती आहेत, आणि पाचांतही एक अस्तित्वातच नसलेली! सुबनसिरी नदीत माशांच्या निदान १५६ जाती असताना लोअर सुबनसिरीच्या अहवालात ५५ होत्या. इतके लांब जाण्याचेही कारण नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात, २००० नंतरच्या दशकात, पक्ष्यांचे निवासस्थान म्हणून स्प्रूस आणि बर्च ह्या झाडांच्या अरण्याचे वर्णन आले होते. जेथे आंबा, काजू आणि किंजळ वाढतात, तेथे ही थंड देशची झाडे कोठून आली? तो मजकूर रशियातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातून उतरवलेला निघाला.

आपण हसलात, आणि हसण्यासारखेच आहे. पण हे उघडकीस कसे आले, ह्याचाही विचार करा. कोणीतरी तो अहवाल मिळवून, चिकाटीने वाचून काढला, म्हणून. प्रत्येक अहवालाला असा वाचक लाभत नाही. उलट प्रत्येक नोंदीबरोबर ठिकाण, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव देणे बंधनकारक केले, तर अशी उसनवारी पहिल्याच पायरीवर अडखळेल. रशियातल्या झाडाला रत्नागिरीचे अक्षांश-रेखांश देण्यासाठी फार मोठे धाडस लागते.

तारखेचे महत्त्व मी मुद्दाम सांगतो. नदीखोऱ्यांतील मोठ्या प्रकल्पांना अधिक ऋतूंचा अभ्यास लागतो. परंतु खाणी आणि कारखाने ह्यांच्या पुष्कळ अहवालांत पावसाळा सोडून एका ऋतूची निरीक्षणे पुरेशी मानली जातात. आता कोकणातला कातळसडा डोळ्यांपुढे आणा. एप्रिलात तो काळाठिक्कर, करपलेला असतो. पाहणारा प्रामाणिकपणे लिहितो: 'ओसाड जमीन, विशेष वनस्पती नाहीत.' तोच सडा जून ते सप्टेंबर पाहा. दीपकाडी फुलते, सीतेची आसवे, गेंद आणि किडे खाणारे दवबिंदू ह्यांचे गालिचे पसरतात, डबक्यांत बेडकांची पिल्ले वळवळतात, एरवी जमिनीत दडलेले देवगांडूळ वर येते. आंबोलीच्या कातळांवर पहिल्या पावसात विणीला येणारी एक भेकाची जात शास्त्राला नवी म्हणून २००९ साली वर्णिली गेली. एप्रिलात गेलेल्या माणसाला ती बहुधा दिसलीच नसती. त्याचा दोष नाही. पण त्याच्या नोंदीवर तारीख असेल, तर वाचणारा म्हणेल, 'हे एप्रिलचे आहे, पावसाळ्यात पुन्हा पाहा.' तारीख पुसली, की 'एप्रिलात दिसले नाही' ह्याचा अर्थ 'येथे नाहीच' असा होऊन बसतो, आणि त्या आधारावर जमिनीचे भवितव्य ठरते.

माहिती पुरी न दिल्याने प्रकल्पवाल्याचेही नुकसान होते. गोव्यातील मोपा विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली. परिसरातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांची माहिती अर्जात दिली गेली नव्हती, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. पुढे फेरविचार झाला, अटी घातल्या गेल्या, १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ मध्ये विमाने उडू लागली. विमानतळ व्हावा की न होऊ द्यावा, हा आजचा विषय नाही. परंतु त्या प्रदेशातील वनांच्या आणि जिवांच्या नोंदी आधीपासून सर्वांसमोर असत्या, तर त्या कोणाला वगळता आल्या असत्या का?

तिसरे कारण बेरजेचे आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. मामलेदार कचेरीच्या आवारातला एकटा पर्जन्यमापक त्या गावापुरते सांगतो. पण हजारो ठिकाणचे आकडे एका पद्धतीने, एका ठिकाणी जमा झाले, तेव्हा मान्सूनची चाल समजू लागली. जिवांच्या नोंदींचेही तसेच आहे. एका तालुक्यात पाच खाणी असतात. पाचांचे पाच सल्लागार आपापली दहा किलोमीटरची वर्तुळे काढतात. वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि तोच ओढा पाच वेळा मोजला जातो. परंतु पाचही खाणी मिळून त्या ओढ्याचे काय करतील, ह्याचे उत्तर कोणत्याच अहवालात नीट सापडत नाही. कारण पाच वह्या कधी एका टेबलावर आल्याच नाहीत.

आता आक्षेपांकडे वळतो. विरुद्ध बाजू ऐकून न घेता निकाल देणे बरे नव्हे.

पहिला आक्षेप: पैसे मालकाने दिले, तर माहिती त्याची नव्हे काय? ह्याला आपल्याच व्यवहारातले उत्तर आहे. जमिनीच्या मोजणीची फी अर्जदार भरतो, पण नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात राहतो. ती मोजणी अधिकृत ठरते ती दप्तरी राहिल्यामुळेच. प्रकल्पाचा मालक पैसे देतो ते समाजाकडून परवानगी मिळावी म्हणून. ज्या पुराव्यावर समाजाने निर्णय घ्यायचा, तो समाजापासून लपवता येत नाही. कारखान्यातील कृतीचे गुपित त्याने खुशाल राखावे; ओढ्यात किती बेडूक होते, हे कोणाचे व्यापारी गुपित होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खवले मांजर कोठे आढळले हे जाहीर केले, तर शिकारी तेथे पोचेल. दुर्मिळ वनस्पतीचे ठिकाण कळले, तर ती उपटून नेणारे येतील. हा धोका खरा आहे, आणि त्यावर उपायही ठरलेला आहे. अशा जातींचे अचूक ठिकाण राखून ठेवायचे आणि लोकांना मोठ्या चौकोनापुरते सांगायचे. अचूक नोंद फक्त निर्णय घेणाऱ्या तज्ज्ञांना पाहू द्यायची. चार नोंदी झाकाव्या लागतात म्हणून चार हजार झाकणे, हे चोराच्या भीतीने घराला दारच न ठेवण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप असा की, ह्या नोंदी कच्च्या असतात. त्या पसरल्या तर चुका पसरतील. खरे आहे, चुका असतील. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय व्यवहारात चालला तरी शास्त्रात चालत नाही. मूठ उघडल्याशिवाय आत मोती आहेत की खडे, हे कळायचे कसे? उघड्या नोंदीतील चूक कोणीतरी दाखवतो आणि ती सुधारते. झाकलेल्या नोंदीतील चूक मंजुरीच्या शिक्क्यासह कायम होते. आणि नीट काम करणाऱ्या सल्लागाराला ह्यात भय नाही. उलट त्याच्या नावाने नोंद राहील, त्याचे श्रम लोकांना दिसतील, आणि पाट्या टाकणाऱ्याच्या पंगतीला त्याला बसावे लागणार नाही.

हे सारे स्वप्नरंजन आहे, असेही कोणी म्हणेल. म्हणून इतरत्र काय झाले ते सांगतो. २००१ साली अनेक देशांनी मिळून जैवविविधतेच्या नोंदींचा एक जागतिक साठा उभारला. त्याचे कार्यालय कोपनहेगनला आहे आणि आज त्यात दोन अब्जांहून अधिक नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ह्या संस्थेने आघात मूल्यांकन करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०११ साली एक मार्गदर्शिका काढली. मूल्यांकनात गोळा झालेल्या नोंदी कशा प्रसिद्ध कराव्यात, हाच तिचा विषय. तिच्या लेखकांत विश्वास चव्हाण हे नाव आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत भारतीय प्राण्यांची सूची संगणकावर आणण्याचे काम केलेले हे शास्त्रज्ञ. म्हणजे ही कल्पना आपल्या अंगणाला परकी नाही. फ्रान्सने ८ ऑगस्ट २०१६ च्या कायद्याने प्रकल्पवाल्यांवर मूळ नोंदी राष्ट्रीय साठ्यात जमा करण्याचे बंधन घातले. पश्चिम ऑस्ट्रेलिया हा तर खाणींचा प्रांत. तेथेही २०१८ पासून अशा पाहण्यांचे अहवाल आणि नोंदी एका ठिकाणी जमा होऊन लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. तेथे खाणी बंद पडल्या नाहीत. पुढच्या खाणवाल्याला मागच्याचे काम वाचायला मिळते, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजण्याचा खर्च वाचतो.

मग आपल्याकडे काय व्हावे? माझी मागणी लहान आहे. अभ्यासाच्या अटी ठरवताना सरकारने एक अट घालावी: प्रत्येक नोंदीत जातीचे नाव, ठिकाण, तारीख, पाहणारा आणि पाहण्याची रीत ह्या पाच गोष्टी असाव्यात, आणि सुनावणीपूर्वी त्या नोंदी खुल्या साठ्यात जमा व्हाव्यात. जमा केल्याची पावती नसेल, तर अहवाल अपुरा समजावा. ह्याला नवे खाते नको, नवी इमारत नको.

पण सरकारने करावे म्हणून आपण स्वस्थ बसावे, असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या करून लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवण्याची सोय केली आहे. ती वही कपाटात न ठेवता अहवालाशेजारी ठेवून वाचा. गुराख्याला, कोळ्याला, वैदूला जी नावे ठाऊक आहेत, ती पुष्कळदा अहवालात नसतात. आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तालुक्यातील एकेक अहवाल तपासायला द्या. त्याहून चांगला प्रात्यक्षिकाचा धडा दुसरा नाही. आणि जाहीर सुनावणीची नोटीस लागली, तर अवश्य जा. तेथे घोषणा देणारे असतात, टाळ्या वाजवणारे असतात. दोन्हींचा आवाज थोड्या वेळाने विरतो. आपण उठून शांतपणे विचारा: 'ह्या यादीतला हा पक्षी कोणी पाहिला, कोठे पाहिला, कोणत्या दिवशी पाहिला, किती पाहिले, आणि ती मूळ वही आम्हांला कोठे पाहायला मिळेल?' सुनावणीत विचारलेला प्रश्न कार्यवृत्तात नोंदवावा लागतो, आणि नोंदवलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

बंधुभगिनींनो, प्रकल्प व्हावेत की नाहीत, ह्यावर ह्या सभेत दोन मते असतील, असावीतच. धरणाच्या पाण्यावर उसाबरोबर आपली नळजोडणीही चालते, हे मी विसरलेलो नाही. परंतु देणेघेणे करणाऱ्या दोन घरांत मतभेद असले, तरी वही एकच आणि ती दोघांना दिसणारी असावी लागते. आपण निसर्गाकडून जे घेत आहोत ते घेण्याआधी मोजतो आहोत, ही चांगली गोष्ट झाली. आता ती मोजणी सर्वांना दिसू द्यावी, एवढेच मला आपल्यासमोर मांडायचे होते.